सफरचंदाचा गर आणि साष्टीचे स्वयंपाकघर : काशीगावच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

सफरचंदे सोलून, थोड्या पाण्यात शिजवून व घोटून केलेला गर हा पदार्थ मीरा-भाईंदर परिसरातील शहरी घरांना आता अपरिचित राहिलेला नाही. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाचे वरचे अन्न म्हणून, आजाऱ्याचे पथ्य म्हणून किंवा पोळीबरोबरचे तोंडीलावणे म्हणून तो केला जातो. मात्र त्याला मराठीत स्वतंत्र नाव नाही. सॉस म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर टोमॅटोची बाटली येते. नाव नाही म्हणून पदार्थही परका, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. काशीगाव ज्या साष्टी बेटाच्या उत्तर भागात वसले आहे, त्या बेटाच्या इतिहासाच्या आधारे हा समज तपासून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

नाव एका फळाचे, फळ दुसरे

‘सफरचंद’ हा शब्द अरबी ‘सफरजल’ या शब्दाशी जोडला जातो. गुजरातीतील ‘सफरजन’ हे त्याचेच भावंड होय. परंतु अरबीत सफरजल म्हणजे सफरचंद नव्हे, तर बिही. ज्याच्या बिया काष्ठौषधींच्या दुकानात बिहीदाणा म्हणून मिळतात, ते हे फळ. ते कच्चे खाताना तुरट व कठीण लागते; साखरेत शिजवले की मऊ, सुगंधी व लालसर होते. पोर्तुगीज भाषेत बिहीला ‘मार्मेलो’ आणि तिच्या साखरेत आटवलेल्या गराला ‘मार्मेलाडा’ म्हणतात. इंग्रजीतील मार्मालेड हा शब्द तेथूनच आला व पुढे संत्र्याच्या पाकाला चिकटला.

‘पेरू’ या शब्दाची गोष्टही अशीच आहे. पोर्तुगीजांनी अमेरिकेतून आणलेल्या या फळाला त्यांच्या ‘पेरा’ म्हणजे नासपतीचे नाव मिळाले, असे मानले जाते. म्हणजे मराठीत सफरचंदाला बिहीचे नाव आणि पेरूला नासपतीचे. ही केवळ व्युत्पत्तीची गंमत नव्हे. फळ बदलले तरी त्याच्याकडून अपेक्षित असलेले काम तेच राहिले, याची ती नोंद आहे.

‘मोरांबा’ हा शब्द अरबी ‘मुरब्बा’वरून आला. मराठी कानांना त्याच्या शेवटी ‘आंबा’ ऐकू आला असावा. साखरांबा आणि गुळांबा हे शब्द त्याच घडणीचे वाटतात. आज अस्सल मराठी म्हणून ज्या बरणीकडे पाहिले जाते, तिच्यावरचे नावही असे प्रवासातून आलेले आहे.

साष्टीतील पेराद

इ. स. १५३४ च्या तहाने गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने वसई, साष्टी व मुंबई हा प्रदेश पोर्तुगीजांना दिला. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी वसई घेईपर्यंत, म्हणजे सुमारे दोनशे वर्षे, उत्तर कोकणाचा हा पट्टा पोर्तुगीज अंमलाखाली होता. १७७४ मध्ये साष्टी इंग्रजांकडे गेली व १७८२ च्या सालबाईच्या तहाने तो ताबा कायम झाला. या कालखंडाचा अभ्यास प्रामुख्याने किल्ले, तह व धर्मांतर या अंगांनी झाला आहे. चुलीवर काय शिजत होते, हा प्रश्न त्या मानाने मागे राहिला.

साष्टीच्या दमट, उष्ण हवेत बिही होत नाही, सफरचंदही होत नाही. पेरू मात्र भरपूर होतो. गोव्यातील ‘पेराद’ आणि मुंबई-साष्टीच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत नाताळात होणारे ‘गुवावा चीज’ हे मार्मेलाडाचेच या मातीतले रूप मानता येईल. पेरू उकडून, चाळणीवर घासून बिया काढायच्या, गराइतकी साखर घालून तो कडा सोडेपर्यंत ढवळायचा, लिंबू पिळायचे, तूप किंवा लोणी लावलेल्या ताटात थापून वड्या पाडायच्या. याच नाताळच्या ताटात बदामाऐवजी काजूचे मार्झिपान असते. फराळातील वड्या करणाऱ्या कोणत्याही मराठी गृहिणीला ही कृती नवीन वाटणार नाही.

हा बदल यशस्वी होण्यामागे रसायनशास्त्रही आहे. बिही, पेरू आणि सफरचंद या तिन्ही फळांत पेक्टिन विपुल असते. १८२५ मध्ये आंरी ब्राकोनो या फ्रेंच शास्त्रज्ञाने या द्रव्याला नाव दिले. परंतु कोणते फळ आटवले की घट्ट होते, हे ढवळणाऱ्या हातांना त्याआधीच ठाऊक होते.

ईस्ट इंडियन समाजाची बोली मराठीच आहे. १८८७ मध्ये मुंबईत त्यांची ‘ईस्ट इंडियन’ या नावाने संघटना स्थापन झाली. हे नाव इंग्रजी असले तरी समाज येथल्याच मातीतला आहे. असे असूनही मराठी खाद्यपरंपरेचा विचार करताना रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ (१८७५), लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ (१९१०), कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ (१९७०) अशा छापील ग्रंथांचाच आधार घेतला जातो. हे ग्रंथ मोलाचे आहेत, यात वाद नाही. पण ते प्रामुख्याने लिहित्या-वाचत्या पांढरपेशा घरांचे स्वयंपाकघर दाखवतात. जे मुखोमुख चालत आले, ते पुराव्यातून निसटले. आणि जे निसटले त्याला परके ठरवणे सोपे गेले.

सफरचंदाचे आगमन आणि ‘सोपेपणा’

युरोप-अमेरिकेत सफरचंदाचा गर विपुलतेतून जन्मला. झाडाखाली पडलेली, डागाळलेली फळे हिवाळ्यासाठी शिजवून ठेवणे ही तेथील शेतकरी घराची गरज होती. महाराष्ट्रात सफरचंद बराच काळ दुर्मीळ होते. सॅम्युएल स्टोक्स यांनी १९१६ मध्ये सिमल्याजवळील कोटगढ भागात अमेरिकन वाणाची लागवड सुरू केली व तेथून हिमाचलच्या बागायतीला वेग आला. तरीही मुंबईकडच्या मध्यमवर्गीय घरात सफरचंद बराच काळ रुग्णाला भेटायला जाताना नेण्याचे फळ राहिले. चार जणांत फोडी करून वाटायचे फळ कोण शिजवून घोटणार?

दुसरी अडचण हवामानाची होती. मोरांबा व पेराद साखरेच्या जोरावर टिकतात. सफरचंदाच्या गरात साखर नसली तरी चालते. पण असा गर साष्टीच्या हवेत फार टिकत नाही. गोदरेजने १९५८ मध्ये भारतीय बनावटीचा पहिला फ्रिज बाजारात आणला. तो सामान्य घरांत पोहोचायला पुढची काही दशके गेली. म्हणजे ज्याला आज ‘सोपी घरगुती कृती’ म्हटले जाते, तिच्यामागे हिमाचल-काश्मीरची बागायत, मालवाहतूक, स्वयंपाकाचा गॅस आणि शीतकपाट अशी चौकडी उभी आहे.

काशीगावातही याच काळात मोठे स्थित्यंतर घडले. १९८५ मध्ये परिसरातील ग्रामपंचायती एकत्र करून मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली आणि २००२ मध्ये महानगरपालिका. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ८,०९,३७८ होती. मुंबई-अहमदाबाद महामार्गालगतच्या या गावाचे नाव आता मेट्रोच्या नऊ क्रमांकाच्या मार्गिकेवरील एका स्थानकाला मिळाले आहे. परसातला पेरू गेला की पेराद करण्याचे निमित्तही जाते. हातगाडीवरचे सफरचंद मात्र वर्षभर मिळते.

कृती अशी : चार-पाच सफरचंदे सोलून, बिया व गाभा काढून फोडी कराव्यात. अर्धी वाटी पाणी घालून मंद आचेवर झाकण ठेवून पंधरा-वीस मिनिटे शिजवावे, रवीने किंवा पळीने घोटावे, लिंबाचे थेंब टाकावेत. बाळासाठी असल्यास साखर घालू नये. वर्षाच्या आतल्या बाळाला मध तर मुळीच देऊ नये. फ्रिजमध्ये हा गर पाच-सहा दिवस राहतो. आणि भांडे चुलीवरून न उतरवता त्यात गराइतकी साखर घालून कडा सुटेपर्यंत ढवळत राहिले, तर ताटात थापल्यावर त्याची वडी पडते. वाड्यांवरच्या घरांत नाताळच्या सुमारास पेरूची पडते, तशीच.