क्ष-किरणांचा अहवाल आणि रोग्याची भाषा

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्त्सबुर्ग येथील प्रयोगशाळेत विल्हेल्म राँटगेन यांना एका अज्ञात किरणाचा शोध लागला. गणितातील अज्ञात राशीचे चिन्ह त्यांनी त्यास नाव म्हणून दिले. मराठीत तोच ‘क्ष-किरण’ झाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांनी पत्नीच्या हाताचे छायाचित्र घेतले. त्यातील बोटांची हाडे आणि अंगठी ओळखण्यास वैद्यकाचे ज्ञान लागत नव्हते. राँटगेन यांनी या शोधाचे पेटंटही घेतले नाही. त्याचा लाभ सर्वांना व्हावा, ही त्यांची भूमिका होती.

परंतु प्रतिमा जसजशी सूक्ष्म होत गेली, तसतशी ती सामान्य दृष्टीला दुर्बोध झाली. छायांचा अर्थ लावणारा स्वतंत्र तज्ज्ञ उदयास आला. १९७१ मध्ये लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात सी. टी. स्कॅनने पहिल्या रोग्याचा मेंदू तपासला गेला. १९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी चुंबकीय अनुस्पंदनाने प्रतिमा घडविण्याची रीत प्रसिद्ध केली. तज्ज्ञाचा अहवाल म्हणजे एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरला लिहिलेले पत्र होय. त्याचा विषय रोगी; वाचक मात्र रोगी नव्हे.

पुढे हे पत्र रोग्याच्या हाती आले. भारतात तर पाकिटातील फिल्म आणि अहवाल रोगीच डॉक्टरकडे नेतो. मागणी केल्यापासून ७२ तासांत कागदपत्रे देण्याचे बंधन भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनी घातले. अमेरिकेत ५ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या नियमामुळे कित्येक अहवाल डॉक्टरांच्या भेटीपूर्वीच रोगी वाचू लागले. कागद मिळाला, पण अर्थ मिळाला नाही. ‘निगेटिव्ह’ म्हणजे शोधलेला दोष आढळला नाही. परंतु तो शब्द वाचून मन धास्तावते. मणक्यातील चकत्यांचे ‘डीजनरेशन’ हा शब्द तर त्याहून भयंकर भासतो. वस्तुतः पाठदुखी नसलेल्या ३,११० व्यक्तींच्या तपासण्यांचा २०१५ मध्ये जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यात हा बदल विशीतील ३७ टक्के आणि ऐंशीच्या वयातील ९६ टक्के लोकांत आढळला. पुष्कळदा तो केस पिकण्यासारखाच वयाचा परिणाम असतो. एवढे एक वाक्य न कळल्याने माणसे किती रात्री जागून काढतात!

ही उणीव भरून काढण्यास कृत्रिम बुद्धिमत्ता पुढे आली. नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस चॅट-जीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि महिन्याभरातच म्युनिकच्या संशोधकांनी त्याची परीक्षा प्रसिद्ध केली. तीन काल्पनिक अहवाल त्याच्याकडून सोप्या भाषेत लिहवून घेऊन ते १५ तज्ज्ञांपुढे ठेवले. बहुतेकांनी ते वस्तुतः बरोबर, पुरेसे आणि निरुपद्रवी ठरविले. तथापि चुकीची विधाने, गळालेल्या महत्त्वाच्या बाबी आणि रोग्यास अपाय होऊ शकेल असे मजकूरही त्यांना आढळले.

याचे कारण यंत्राच्या रचनेतच आहे. अफाट लेखनाच्या अभ्यासातून कोणत्या शब्दामागून कोणता शब्द यावा, हे ते शिकते. रोग्याची नाडी त्याने पाहिलेली नसते. त्याच्या जुन्या फिल्मही, कोणी पुरविल्याखेरीज, त्याच्यापुढे नसतात. ‘शक्यता नाकारता येत नाही’ हे तज्ज्ञाचे सावध वाक्य सोपे करताना ‘रोग आहे’ किंवा ‘रोग नाही’ असे होऊन बसले, तर सुबोधतेची किंमत सत्याने मोजावी लागते. मराठीत उतरविताना ही जोखीम अधिकच. कारण तेथे सुलभीकरणास भाषांतराचीही जोड मिळते.

म्हणून यंत्राने मसुदा करावा, तज्ज्ञाने तो मूळ अहवालाशी ताडून पाहावा आणि त्याची जबाबदारी माणसाने घ्यावी, हीच रीत श्रेयस्कर होय. सोप्या अहवालाने रोग्याला डॉक्टरकडे जाण्याचे कारण उरत नाही, असे मात्र नव्हे. तो वाचून रोगी तेथे नेमके प्रश्न घेऊन गेला, तरी त्या अहवालाचे काम झाले.