तीनशेदोन की तीनशेचार? गोविंदाचा खटला आणि मनातला हेतू

सुरुवातीलाच सांगून टाकतो, आम्ही वकील नाही. आमची हयात तत्त्वज्ञान शिकवण्यात गेली. कायद्याची पुस्तकं आम्ही उघडली ती एका विद्यार्थ्यामुळे.

पंचवीसेक वर्षं झाली असतील. वणीकडचा एक मुलगा आमच्या वर्गात होता. एके दिवशी संध्याकाळी तो घरी आला आणि दारातच उभा राहिला. म्हणाला, "सर, दादाले तीनशेदोन लागला. तीनशेचार होऊ शकते का?" धुऱ्याचं भांडण. आपल्याकडे हे काय नवीन आहे? हातभर धुरा कोणी कोरला यावरून चुलतभावांची जुंपली, शिव्यागाळी झाली, आणि याच्या दादाने बैलगाडीची उभारी उपसून एकच फटका डोक्यात हाणला. चुलतभाऊ तिसऱ्या दिवशी गेला. मुलगा पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, "जीव घ्यायचा नव्हता हो सर त्याले."

आता बघा, माणूस तर मेला. मारणारा कोण तेही ठाऊक. तरी कायदा विचारतो, त्याच्या मनात काय होतं? उत्तर एक आलं तर फाशी किंवा जन्मठेप, दुसरं आलं तर शिक्षा दहा वर्षांपर्यंतचीही असू शकते. मनाचा तळ गाठणं आम्हां तत्त्वज्ञानवाल्यांना दोन-अडीच हजार वर्षांत जमलेलं नाही. न्यायाधीशाला ते तारखेच्या आत करायचं असतं.

भारतीय दंडसंहितेचा मसुदा मेकॉलेच्या आयोगाने १८३७ मध्ये दिला. कायदा झाला १८६० मध्ये आणि लागू झाला १ जानेवारी १८६२ ला. इंग्रजांच्या देशात खून आणि 'मॅनस्लॉटर' अशी जोडी होती, आपल्या संहितेने तो दुसरा शब्द घेतलाच नाही. तिने आधी एक मोठं कुंपण घातलं, सदोष मनुष्यवध, कलम २९९. त्या कुंपणाच्या आत एक लहान कुंपण, खून, कलम ३००. म्हणजे प्रत्येक खून हा सदोष मनुष्यवध असतोच, पण प्रत्येक सदोष मनुष्यवध खून नसतो. पंचाईत अशी की दोन्ही कलमांची भाषा जुळ्या भावांसारखी. २९९ म्हणतं, मृत्यू येण्याचा 'संभव' आहे अशी इजा करण्याचा उद्देश. ३०० म्हणतं, निसर्गक्रमानुसार मृत्यू यायला 'पुरेशी' आहे अशी इजा करण्याचा उद्देश. संभव आणि पुरेशी! जेम्स फिट्झजेम्स स्टीफन हा स्वतः व्हाइसरॉयच्या मंडळात कायदा सदस्य होता, आणि सगळ्या संहितेत हाच भाग सर्वांत कच्चा आहे असं त्याचंही मत होतं.

या दोन शब्दांतलं अंतर ज्या खटल्याने मोजून दिलं तो आपल्याच मराठी मुलखाच्या हायकोर्टातला. मुंबई, १८७६, सरकार विरुद्ध गोविंदा. वकिलीच्या वर्गात आजही पहिल्यांदा हाच शिकवतात. गोविंदा अठरा वर्षांचा. बायको पंधराची. त्याने तिला लाथ मारली, पाठीत बुक्के घातले. ती खाली पडली. मग छातीवर एक गुडघा रोवून त्याने तिच्या तोंडावर दोन-तीन जोरदार ठोसे मारले. कवटी फुटली नाही, पण मेंदूत रक्तस्राव झाला आणि ती पोर गेली. सेशन कोर्टाने खून धरून फाशी दिली. फाशी कायम करायची तर हायकोर्टाची मंजुरी लागते. तिथे केंबॉल आणि नानाभाई हरिदास या दोन न्यायमूर्तींचं एकमत होईना, म्हणून प्रकरण तिसऱ्याकडे, मेलव्हिल यांच्याकडे गेलं.

मेलव्हिल यांनी काय केलं? दोन्ही कलमं शेजारी शेजारी मांडली आणि म्हणाले, फरक मृत्यूच्या शक्यतेच्या प्रमाणात आहे. मर्मस्थानावर मुठीचा किंवा काठीचा फटका बसला तर मृत्यूचा संभव असतो. मर्मस्थानावर तलवारीचा वार झाला तर तो मृत्यूला पुरेसा असतो. गोविंदाकडे हत्यार नव्हतं, जीव घेण्याचा हेतू दिसत नव्हता. म्हणून खून नाही. फाशी गेली, सात वर्षांचं काळं पाणी झालं.

तेव्हा आपला जिल्हा मुंबई हायकोर्टाखाली नव्हता बरं का. वऱ्हाड कागदावर निजामाचं, कारभार इंग्रजांचा, आणि जिल्ह्याचं नाव वणी. यवतमाळ जिल्हा हे नाव १९०५ चं. पण मेलव्हिल यांची ती मूठ आणि तलवार पुढे देशभर फिरली.

त्याच १८७६ च्या जुलै महिन्यात दुसरं एक प्रकरण गाजत होतं. आग्र्याला फुलर नावाचा इंग्रज वकील होता. रविवारी चर्चला निघाला, मोतद्दार गाडीपाशी हजर नव्हता, म्हणून त्याच्या डोक्यात मारलं, केस धरून ओढलं. मोतद्दार पडला, थोड्या वेळाने मेला. पानथरी, म्हणजे प्लीहा, आधीच सुजलेली होती, ती फुटली. मॅजिस्ट्रेटने साधी दुखापत धरून दंड केला, तीस रुपये. व्हाइसरॉय लिटनने त्या मॅजिस्ट्रेटवर जाहीर ताशेरे ओढले आणि इथल्या गोऱ्या वर्तमानपत्रांनी लिटनलाच झोडपलं.

कायद्याच्या दृष्टीने फुलरची बाजू अगदीच लंगडी नव्हती, हे आपण कबूल केलं पाहिजे. समोरच्याचा आजार मारणाऱ्याला माहीत असेल तर तो खून होऊ शकतो, असं कलम ३०० चं उदाहरणच सांगतं. माहीत नसेल तर नाही. पण हिवतापाच्या त्या काळात गोरगरिबांच्या पानथऱ्या सुजलेल्या असतात, हे हिंदुस्थानात राहणाऱ्या कुठल्या साहेबाला माहीत नव्हतं? असे किती नोकर लाथाबुक्क्यांनी गेले! 'माहीत होतं' आणि 'माहीत असायला हवं होतं' यांच्यामध्ये जी फट आहे, तिच्यातून साहेब लोक निसटत राहिले. आमच्या मते 'जाणीव' या शब्दाची खरी परीक्षा गोविंदाच्या खटल्यात नाही, इथे आहे.

पुढचं मोठं पाऊल आपल्या नागपूरच्या माणसाने टाकलं. व्हिव्हियन बोस. नागपूर हायकोर्ट १९३६ ला सुरू झालं, यवतमाळ त्याच्याच कक्षेत. बोस तिथे न्यायमूर्ती होते, मग मुख्य न्यायमूर्ती झाले, पुढे सुप्रीम कोर्टात गेले. १९५८ मध्ये विरसा सिंग या पंजाबातल्या माणसाचा खटला त्यांच्यापुढे आला. भाल्याचा एकच वार पोटात, पण असा की आतडी बाहेर आली. बचाव असा की, मारण्याचा हेतू होता हे सिद्ध कुठे झालंय? बोस यांनी प्रश्नच फिरवला. त्याला मृत्यू हवा होता का, हे विचारू नका. हीच जखम करायची होती का, एवढं विचारा. चुकून लागली नसेल, ठरवून तिथेच मारलं असेल, तर ती जखम मृत्यूला पुरेशी होती का हे डॉक्टरच्या पुराव्यावरून ठरेल. त्या पुरेपणाची आरोपीला कल्पना होती की नव्हती, याला महत्त्व नाही. खून कायम झाला.

थोडक्यात, मन दिसत नाही, तर जखम वाचा. यात शहाणपण आहे. पण रागाने आंधळा झालेला माणूस जखम 'ठरवून' करतो का, हा आमचा प्रश्न यातून सुटत नाही. कायद्यालाही ते ठाऊक आहे, म्हणून त्याने ३०० ला पाच अपवाद जोडले. गंभीर आणि अचानक चिथावणी हा पहिला. नानावटींनी १९५९ मध्ये तोच मागितला. सुप्रीम कोर्ट म्हणालं, मधे तीन तास गेले होते, डोकं थंड व्हायला तेवढे पुरे. चौथा अपवाद अचानक झालेल्या झगड्याचा, आधी काही न ठरवता, रागाच्या भरात, गैरफायदा न घेता आणि क्रूरपणा न करता. धुऱ्यावरची भांडणं बसली तर याच्यात बसतात.

त्या मुलाच्या दादाचं प्रकरण बसलं. उभारी शेतावर आधीच होती, घरून आणलेली नव्हती. फटका एकच. पडल्यावर पुन्हा मारलं नाही. कोर्टाने तीनशेचारचा दुसरा भाग लावला, म्हणजे हेतू नव्हता पण जाणीव होती.

निकालानंतर आम्ही त्यांच्या गावी गेलो होतो. घराला घर लागून. मेलेल्या मुलाची आई ओट्यावर बसली होती. गावातल्या कोणी सांगितलं असेल की हे मास्तर शिकलेले आहेत. तिने विचारलं, "भाऊ, माहा पोरगा मेलाच ना? मंग खून कसा नाही झाला?" आम्ही बोस सांगितले नाहीत, मेलव्हिल सांगितले नाहीत. म्हटलं, त्याला मारायचं नव्हतं, असं कोर्टाला वाटलं. ती म्हणाली, "आन् माह्या पोराले मरायचं होतं का?"

१ जुलै २०२४ पासून आकडे बदलले आहेत. भारतीय न्याय संहितेत २९९ चं १०० झालं, ३०० चं १०१, शिक्षेची कलमं १०३ आणि १०५. उद्देश असलेल्या सदोष मनुष्यवधाला आता किमान पाच वर्षं आहेत. 'संभव' आणि 'पुरेशी' हे दोन शब्द मात्र जिथे होते तिथेच आहेत, आणि आपल्या गावांत अजून कितीतरी वर्षं लोक तीनशेदोनच म्हणणार. प्रश्न असतील तर आता घेऊ.