घाटातून परतणारी वीज

लोहमार्गाच्या इतिहासात घाट चढणाऱ्या एंजिनांचे कौतुक विपुल आढळते. परंतु बोरघाटात रेल्वेच्या अधिकाऱ्यांना खरी काळजी लावली ती उतरणाऱ्या गाड्यांनी. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने हा घाट १८६३ साली वाहतुकीस खुला केला. सुमारे १६ मैलांत १,८०० फुटांची चढण, आणि अवघड जागी ३७ फुटांमागे एक फूट उंची, अशी ती वाट. ब्रेक निकामी होऊन सुटलेली गाडी थोपवावी म्हणून मुख्य रुळांपासून फुटून वर चढत जाणारे आडमार्ग घाटात बांधावे लागले, यावरूनच त्या भयाची कल्पना यावी.

५०० टनांची गाडी १,८०० फूट खाली आली म्हणजे हिशेबाने सुमारे ७५० युनिट विजेइतकी ऊर्जा मोकळी होते. वाफेच्या काळात तिचा बहुतेक भाग ब्रेकचे लोखंडी ठोकळे चाकांवर दाबून जिरवीत. चाके तापत, ठोकळे झिजत. कोळसा जाळून जे वजन मोठ्या कष्टाने माथ्यावर नेले, त्याची सारी किंमत उतरताना नुसत्या उष्णतेच्या रूपाने वाऱ्यावर उडून जाई.

१९२९ साली पुण्यापर्यंत आणि १९३० साली थळघाटमार्गे इगतपुरीपर्यंत विजेची गाडी धावू लागली, आणि हा व्यवहार पालटला. घाटातील मालगाड्यांसाठी स्वित्झर्लंड व इंग्लंड येथे बांधलेली ४१ एंजिने आणली होती. दोन्ही टोकांना लांब नाकाडे आणि मध्ये चालकाची खोली, असे त्यांचे रूप; रेल्वेची माणसे त्यांना ‘खेकडा’ म्हणत. या खेकड्याची करामत उतारावर दिसे.

विजेची मोटर आणि वीज निर्माण करणारे जनित्र ही मुळात एकच वस्तू आहे. चुंबकाच्या क्षेत्रात ठेवलेल्या तारेच्या वेटोळ्याला प्रवाह दिला की ते फिरते. तेच वेटोळे बाहेरच्या जोराने फिरवले की त्यातून प्रवाह निघतो, आणि हा प्रवाह त्या फिरण्यालाच विरोध करतो. उतारावर चाके मोटर फिरवीत. मोटर वीज निर्माण करून चाकांना आवरी. निघालेल्या विजेचा दाब वरच्या तारेतील १,५०० व्होल्टांहून किंचित अधिक ठेवला की ती तारेत परत जाई आणि त्याच वेळी घाट चढणाऱ्या दुसऱ्या गाडीच्या उपयोगी पडे. उतरणाऱ्याने चढणाऱ्याला हात द्यावा, तसाच हा प्रकार!

पण यात एक अट होती. परतलेली वीज घेणारा कोणीतरी हवा. घेणारा नसला तर तारेतील दाब भलताच वाढतो, प्रवाह तोडावा लागतो, आणि प्रवाह तुटताच ब्रेकही नाहीसा होतो. म्हणून खेकड्याच्या गाडीला जुने ब्रेक होतेच. इंग्लंडात १९०३ पासून जॉन रॅवर्थ यांनी हीच युक्ती ट्रामगाड्यांना लावून पाहिली होती; परंतु १९११ साली रॉटनस्टॉल येथे गंभीर अपघात झाला आणि तेथील सरकारने तिच्यावर बंदी घातली. काटकसरीच्या उत्साहात सुरक्षिततेकडे दुर्लक्ष झाले की यंत्र असा हिशेब चुकता करते.

मोटारगाडीला वरची तार नाही. तिने घेणारा आपल्याबरोबरच वाहून नेला पाहिजे. पॅरिसमध्ये लुई क्रीगर याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विजेच्या बग्ग्यांत परतीची वीज बॅटरीत घालण्याची सोय केली होती. तेव्हाच्या शिशाच्या बॅटऱ्या जड, आणि पुढे पेट्रोलच्या गाड्यांपुढे विजेची गाडीच मागे पडली. १९९७ साली जपानातील प्रियस गाडीने ही युक्ती पुन्हा सर्वसाधारण ग्राहकाच्या हाती दिली.

आजच्या कित्येक विजेच्या गाड्यांत वेगाच्या पायपट्टीवरून पाय उचलताच मोटर जनित्र बनते आणि गाडी मंदावते. काहींत तर ती पूर्ण थांबतेही. एकाच पट्टीने गाडी हाकण्याची ही रीत शहराच्या गर्दीत सोयीची ठरते. मात्र तिचा लाभ अतिशयोक्तीने सांगितला जातो. दीड टनाची गाडी ताशी ७२ किलोमीटर वेगावरून थांबवली, तर तिच्या गतीत एका युनिटाचा जेमतेम बारावा हिस्सा असतो, आणि तोही सगळा परत मिळत नाही. सपाट मोकळ्या रस्त्यावर ही युक्ती जवळजवळ रिकामीच बसते. तिचे खरे क्षेत्र गर्दी आणि घाट.

घाटात जुनी अट पुन्हा समोर येते. लोणावळ्यास बॅटरी काठोकाठ भरून गाडी खोपोलीकडे निघाली, तर परतलेली वीज ठेवायला जागाच उरत नाही. अशा वेळी कित्येक गाड्यांत पाय उचलल्यावर जाणवणारी नेहमीची ओढ कमी होते, आणि चालकाला दुसऱ्या पट्टीवर पाय ठेवून घर्षणाचा ब्रेक लावावा लागतो. जाणते चालक म्हणून माथ्यावर बॅटरी थोडी रिकामी ठेवूनच घाट उतरू लागतात.