नरांची आक्रमकता आणि जोडीदाराची निवड

नरांची आक्रमकता आणि जोडीदाराची निवड यांचा परस्परसंबंध हा प्राणिवर्तनशास्त्र आणि उत्क्रांतिशास्त्र यांतील अभ्यासविषय आहे. आक्रमक नरांना जोडीदार मिळवण्यात लाभ होतो का, हा त्यातील मुख्य प्रश्न होय. उपलब्ध संशोधनानुसार हा लाभ प्रजाती आणि परिस्थिती यांनुसार बदलतो. प्रतिस्पर्ध्यावर मात करणे आणि मादीला पसंत पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पार्श्वभूमी

चार्ल्स डार्विन यांनी १८७१ साली 'द डिसेंट ऑफ मॅन' या ग्रंथात लैंगिक निवडीचा सिद्धान्त सविस्तर मांडला. त्यांनी या निवडीचे दोन मार्ग सांगितले: नरांमधील परस्पर संघर्ष आणि मादीने केलेली निवड. शिंगे, सुळे व मोठा देह ही पहिल्या मार्गाची, तर मोराचा पिसारा हे दुसऱ्या मार्गाचे उदाहरण मानले जाते. १९७२ साली रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी असे प्रतिपादन केले की, अपत्यांसाठी अधिक गुंतवणूक करणारे लिंग (बहुधा मादी) निवडीत अधिक चोखंदळ असते आणि दुसरे लिंग तिच्यासाठी स्पर्धा करते.

आक्रमकतेचा लाभ

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील एलिफंट सील या प्राण्यांत नरांच्या झुंजी होतात आणि थोडेच विजयी नर बहुतांश माद्यांशी समागम करतात. दुय्यम नर जवळ आल्यास मादी मोठ्याने ओरडते. त्यामुळे प्रबळ नराचे लक्ष वेधले जाते आणि तो त्याला हुसकावतो. येथे मादीची निवड नरांच्या संघर्षातूनच साधली जाते.

स्कॉटलंडमधील रम बेटावरील रेड डिअर या हरणांचे नर प्रथम डरकाळ्या फोडतात, मग समांतर चालत एकमेकांचा अंदाज घेतात आणि त्यानंतरही निर्णय न झाल्यास शिंगे भिडवतात. बरेच संघर्ष झुंजीविनाच मिटतात, कारण विजेत्यालाही इजा होण्याचा धोका असतो.

आक्रमकतेच्या मर्यादा

फायटर माशांच्या माद्या झुंज पाहिल्यानंतर विजेत्या नराकडे अधिक ओढल्या जातात, असे प्रयोगांत आढळले. जपानी लावा पक्ष्यांत मात्र याउलट निष्कर्ष मिळाला. ॲलेक्झांडर ओफिर आणि बेनेट गेलेफ यांच्या २००३ सालच्या प्रयोगांत झुंज पाहिलेल्या माद्यांनी पराभूत नराला पसंती दिली. या प्रजातीतील आक्रमक नर समागमाच्या वेळी मादीला इजा करू शकतात, हे त्याचे संभाव्य कारण मानले जाते.

ऑस्ट्रेलियातील सॅटिन बोवरबर्ड या पक्ष्याचे प्रियाराधन जोरकस असते; पण त्याने मादी दचकते. मादीच्या प्रतिक्रियेनुसार आपला जोर कमी-अधिक करणारे नर अधिक यशस्वी ठरतात, असे गेल पॅट्रिचेल्ली आणि सहकाऱ्यांनी यांत्रिक मादी वापरून २००२ साली दाखवले.

कॅलिफोर्नियातील साइड-ब्लॉच्ड सरड्यांत नारिंगी गळ्याचे आक्रमक नर निळ्या गळ्याच्या नरांवर मात करतात. मात्र मादीसारखे दिसणारे पिवळ्या गळ्याचे नर त्यांच्या हद्दीत चोरून शिरतात. निळ्या गळ्याचे नर आपल्या मादीची राखण करून पिवळ्यांना रोखतात. त्यामुळे कोणतीही एक रीत कायमची वरचढ ठरत नाही. बबून माकडांत माद्यांशी दीर्घकाळ सख्य राखणाऱ्या नरांनाही समागमाची संधी मिळते, असे बार्बरा स्मट्स यांनी नोंदवले आहे.

मानवातील संशोधन

मानवाबाबत प्रभुत्व आणि आक्रमकता यांत भेद करणे आवश्यक ठरते. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पुरुषाच्या प्रभावी व्यक्तिमत्त्वामुळे त्याचे आकर्षण वाढल्याचे दिसले. परंतु आक्रमकता व दडपशाही यांमुळे तसे झाले नाही. १९९५ सालच्या दुसऱ्या अभ्यासात प्रभुत्वाला सहृदयतेची जोड असेल तेव्हाच ते आकर्षक ठरल्याचे आढळले. डेव्हिड बस आणि सहकाऱ्यांनी ३७ संस्कृतींत केलेल्या पाहणीत दयाळूपणा व समजूतदारपणा यांना स्त्रिया व पुरुष या दोघांनीही वरचे स्थान दिले.

गैरसमज

'स्त्रियांना आक्रमक पुरुषच आवडतात' या समजुतीला वरील संशोधनातून आधार मिळत नाही. धाकाने मिळवलेला समागम म्हणजे मादीची पसंती नव्हे. अनेक प्रजातींत माद्या अशा नरांना टाळतात. तसेच एखादे वर्तन निसर्गात आढळते, एवढ्यावरून ते मानवी समाजात योग्य ठरत नाही. त्यामुळे स्त्रियांवरील हिंसेच्या समर्थनार्थ प्राण्यांची उदाहरणे देणे शास्त्रीयदृष्ट्या चुकीचे आहे.

हेही पहा

लैंगिक निवड
नैसर्गिक निवड
प्राणिवर्तनशास्त्र