डिझायनर सोफा घेताय? आधी कापडाखाली काय आहे ते विचारा

शोरूममध्ये दोन सोफे शेजारीशेजारी मांडलेले असतात. रंग तोच, आकार तोच, पायही तसेच बारीक सोनेरी. किंमत मात्र एकाची दुसऱ्याच्या दुप्पट. दोन मिनिटं बसून पाहिलं तरी फरक जाणवत नाही. तो जाणवतो वर्ष-दोन वर्षांनी, बैठक मधोमध खचते तेव्हा. कारण सोफ्याची खरी किंमत कापडाखाली दडलेली असते.

सांगाडा कशाचा आहे?

सोफ्याचा सांगाडा सागवान, शिसवी किंवा रबरवूडसारख्या भरीव लाकडाचा, प्लायवूडचा, नाहीतर एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्डचा असतो. शेवटचे दोन लाकडाचे तंतू आणि भुसा दाबून बनवतात. ओल लागली की ते फुगतात आणि स्क्रूची पकड सुटते. ‘सॉलिड वूड’ म्हटलं असेल, तर ते फक्त पायांपुरतं आहे का, हे जरूर विचारा.

एक सोपी चाचणी: सोफ्याचा पुढचा एक पाय चार-सहा इंच उचला. पुढचा दुसरा पायही उचलला गेला, तर सांगाडा घट्ट आहे. तो जमिनीवरच राहिला, तर सांगाडा पिळवटतोय.

‘४० डेन्सिटी’ म्हणजे काय?

एक घनमीटर फोमचं वजन ४० किलो. फोममध्ये बहुतांश हवाच असते. वजन जास्त म्हणजे त्यात माल जास्त, म्हणून तो लवकर दबत नाही. पण डेन्सिटी आणि कडकपणा या वेगळ्या गोष्टी आहेत. हलका फोमही कडक बनवता येतो, त्यामुळे हाताने दाबून दर्जा कळत नाही. रोज बसायचं असेल, तर बैठकीचा फोम ३२ डेन्सिटीच्या खाली नको. ४० असेल तर उत्तम. पाठीच्या कुशनला त्याहून हलका चालतो.

लेदरेट की कापड?

लेदरेट दिसायला झकास आणि पुसायला सोपं असतं. पण त्यावरचा पॉलियुरेथेनचा थर उष्ण, दमट हवेत हळूहळू कमकुवत होतो आणि त्याचे पापुद्रे निघू लागतात. मुंबई, कोकण, गोव्यात राहणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. कापड घ्यायचं असेल, तर ‘मार्टिनडेल’ आकडा विचारा. कापड किती घर्षण सोसतं, हे त्यावरून कळतं. घरातल्या रोजच्या वापरासाठी तो साधारण २० हजार किंवा त्याहून जास्त असावा.

घरात मावेल? बसता येईल?

हॉलचं माप सगळेच घेतात. लिफ्ट, जिन्याचं वळण आणि दाराची रुंदी विसरतात. पाय किंवा हात सुटे होतात का, हेही पाहा. बैठकीची उंची १६ ते १८ इंच असली की उठणं-बसणं सोपं जातं. आधुनिक सोफे अनेकदा त्याहून बुटके असतात. घरात गुडघे दुखणारं कोणी असेल, तर त्यांना शोरूममध्ये सोबत न्या.

बिलावर काय लिहून घ्यायचं?

सांगाड्याचं लाकूड, फोमची डेन्सिटी, कापडाचा प्रकार आणि वॉरंटीत नेमकं काय येतं, या चार गोष्टी. अनेक वॉरंटी फक्त सांगाड्यापुरत्या असतात. फोम आणि कापड त्यात नसतं. तोंडी आश्वासन पुढे सिद्ध करणं अवघड जातं.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष वस्तू बिलातल्या मुदतीत परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच. बिलावर मुदत नसेल, तर ती ३० दिवसांची धरली जाते. दुकानदार दाद देत नसेल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येतं. तिथे सर्वांत आधी बिलच मागितलं जाईल, म्हणून ॲडव्हान्स देण्यापूर्वीच या चार गोष्टी त्यावर आल्यात ना, ते वाचून घ्या.