तान्ह्या हातापायांची साक्ष

तान्हें मूल पाळण्यांत पडल्या पडल्या हातपाय हालवीत असतें. त्या हालचालींत मुलाच्या मेंदूविषयीं कांहीं वाचतां येईल, असें वैद्यकशास्त्रास फार काळ वाटलें नव्हतें. तें कसें कळत गेलें, हें एका विकाराच्या इतिहासावरून चांगलें ध्यानांत येतें.

१९५४ सालीं व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ आन्द्रेआस रेट यांच्या दवाखान्यांत दोन मुली आपापल्या आईजवळ बसल्या होत्या. दोघीही हात धुतल्याप्रमाणें ते एकसारखे चोळीत होत्या. हा योगायोग नव्हे, हें रेट यांनीं ओळखलें. अशा आणखी मुली पाहून १९६६ मध्यें त्यांनीं जर्मन भाषेंत निबंध लिहिला. परंतु त्याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. १९८३ मध्यें स्वीडनचे बेंग्ट हॅगबर्ग यांनीं सहकाऱ्यांसह ३५ मुलींची हकीकत इंग्रजींत मांडली, तेव्हां कोठें रेट यांचें नांव या विकारास कायमचें जोडलें गेलें.

या विकारांत मुलगी शिकलेले शब्द आणि हातांचें कसब हळूहळू गमावून बसते. पहिले सहा महिने मात्र ती निकोप दिसते, असें ग्रंथकार लिहीत. मूल पहिल्यापासून निराळें वाटे, असें एखादी माता म्हणालीच, तर तिच्या शब्दास ग्रंथांचा आधार नव्हता.

१९९९ मध्यें अमेरिकेंत हुडा झोग्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं या विकाराचें मूळ एका जनुकांतील दोषांत दाखविलें. दोष जन्मापूर्वींचा, मग पहिले महिने निर्दोष कसे?

उत्तर हाइन्झ प्रेख्टल यांच्या निरीक्षणांतून आलें. ग्रोनिंगेन येथें त्यांनीं अर्भकांच्या आपोआप होणाऱ्या हालचालींचा वर्षानुवर्षें अभ्यास केला होता. निरोगी अर्भकाची हालचाल सर्वांगांतून वाहते, तिचा वेग आणि दिशा सतत पालटते; तीन ते पांच महिन्यांच्या सुमारास तिला बारीक, चुळबुळती लय येते. ही विविधता हरवणें हीच धोक्याची खूण. २००५ मध्यें क्रिस्टा आइन्श्पीलर, ॲलिसन केर आणि प्रेख्टल यांनीं रेट-विकाराच्या २२ मुलींच्या तान्हेपणींच्या चित्रफिती तपासल्या. या मुली त्या वेळीं निकोप समजल्या गेल्या होत्या. पण पहिल्या चार महिन्यांतील हालचाली सर्वांच्याच बिघडलेल्या आढळल्या.

अशा हालचालींवरून रोगाचें नांव ठरत नाहीं. जन्मसमयीं मेंदूस इजा झाली तरी त्या बिघडतात. निदान मुख्यतः लक्षणांवरून होतें; जनुकांतील दोषाच्या तपासणीनें त्यास दुजोरा मिळतो. तो दोषही बहुधा नव्यानेंच उद्भवलेला असतो. संगोपनाशीं त्याचा संबंध नाहीं. म्हणून मातेवर ठपका ठेवण्यास आधार नाहीं, आणि तिची शंका झिडकारण्यासही नाहीं.