वणवा आणि वेठ

जंगलाला आग लागली की दोन प्रश्न उभे राहतात. आग लावली कोणी? आणि ती विझवायला जाणार कोण? दीडशे वर्षांत राज्यकर्ते बदलले, पण दोन्ही प्रश्नांचे उत्तर सरकारदरबारी एकच राहिले: जंगलाच्या कडेला राहणारा दरिद्री माणूस. आरोपी तोच आणि विझवणाराही तोच.

गवताला नवी पालवी फुटावी, मोहाखालचा पाचोळा साफ व्हावा, म्हणून जंगलात राहणारे लोक हंगाम पाहून थोडा थोडा जाळ करीत. इंग्रजांच्या वनखात्याला मात्र प्रत्येक आग शत्रू वाटली. 1860 नंतरच्या दशकात मध्य प्रांतातील बोरीच्या जंगलात आगबंदीचा प्रयोग सुरू झाला. पुढे खात्यातल्याच अधिकाऱ्यांना दिसू लागले की काही जंगलांत आग बंद केल्याने साग-सालाची नवी रोपे नीट येत नाहीत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नियंत्रित जाळ ही खात्याचीच पद्धत झाली. जे आदिवासींनी केले तर गुन्हा, ते साहेबाने केले की शास्त्र!

1878 च्या वनकायद्याने राखीव जंगलात आग लावणे हा अपराध ठरवला. तेवढ्यावर तो थांबला नाही. 1927 च्या कायद्यातही उतरलेली त्याची एक तरतूद पाहा. आग मुद्दाम वा घोर निष्काळजीपणाने लागली असेल, तर शिक्षा झाली असो वा नसो, त्या जंगलातले चराईचे आणि वनोपजाचे सर्व हक्क सरकारला हवे तितके दिवस बंद करता येतात. म्हणजे काडी एकाने ओढायची आणि चूल सगळ्या गावाची विझायची. जोतीराव फुल्यांनी 1883 साली 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये याच खात्यावर कोरडे ओढले होते. गोरगरिबांच्या गुराढोरांची चराऊ राने या खात्याने गिळली, हे त्यांना तेव्हाच दिसले होते.

दुसरी तरतूद आपल्या अधिक जिव्हाळ्याची आहे. आग विझवायला धावणे कोणावर बंधनकारक आहे? जंगलात हक्क असणारांवर, आणि शेजारच्या गावातील अशा प्रत्येकावर, ज्याला गावकीच्या सेवेबद्दल सरकारकडून मोबदला मिळतो. न धावल्यास 1927 च्या कायद्यात एक महिन्यापर्यंत कैद. आता महाराष्ट्रातल्या गावात हे शब्द कोणाच्या अंगाला चिकटतात, हे सांगायला हवे काय? कायद्यात जातीचे नाव नाही. पण गावकीची सेवा आणि तुटपुंजे वतन म्हटले की महारवाडाच समोर येतो. 1928 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते याच अमर्याद राबणुकीविरुद्ध. वतने गेली ती 1958 च्या कायद्याने. वनकायदा मात्र राहिला.

कुमाऊंचा इतिहास या संदर्भात वाचावा. जानेवारी 1921 मध्ये बागेश्वरला लोकांनी वेठीच्या वह्या सरयू नदीत बुडवल्या. त्याच उन्हाळ्यात सरकारी चीडची जंगले पेटली. लोकांनी वेठ नाकारली होती; मग सरकारचे जंगल विझवायचे कोणी? सरकारला तक्रारींची चौकशी करणारी समिती नेमावी लागली, राखीव केलेल्या जंगलांचा मोठा भाग सोडावा लागला आणि 1931 मध्ये वनपंचायतींचे नियम आले. अर्ज-विनंत्यांनी जे मिळाले नव्हते, ते नकाराने मिळाले.

त्याच कुमाऊंत, अल्मोड्याजवळच्या बिनसर अभयारण्यात, 13 जून 2024 रोजी वणवा विझवायला गेलेले चार जण होरपळून मेले. त्यांत हंगामी अग्निरक्षकही होते. मग काही अधिकाऱ्यांचे निलंबन झाले. पण तुटपुंज्या रोजावर, धड साधने न देता माणसाला आगीच्या तोंडी पाठवणारी रीत निलंबित झाली काय? वणव्यानंतर किती हेक्टर जळाले याची मोजणी होते. ज्यांचा मोह गेला, तेंदू गेला, चारा गेला, त्यांच्या घरचा हिशेब कोण मांडतो?

2006 च्या वनहक्क कायद्याने जंगल राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. मग जाळरेषा कोठे काढायची, जाळ केव्हा करायचा, हे ग्रामसभेने ठरवावे. आणि विझवणाऱ्याला पुरी मजुरी, साधने व विमा सरकारने द्यावा. अधिकार न देता नुसते कर्तव्य लादणे याला आपल्या बापजाद्यांच्या भाषेत एकच शब्द आहे: वेठ.